दादाच्या गाण्याचं शूटिंग

ते शूटिंग होईपर्यंत आमच्या घरात भातालासुद्धा उदाचा वास यायचा. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला की शेजारी बसणारी शैला नाक ओढायची आणि हळूच विचारायची, "सुलभा, घरी कोणी गेलं का गं?" मी म्हणायची, "नाही, शूटिंग आहे." तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं नाही आणि आणखी समजावून सांगण्याएवढं त्राण माझ्यात नसायचं. दिवसभर औषधांच्या पट्ट्या खोक्यांत भरून बोटं सुन्न झालेली असायची, उभं राहून पोटऱ्यांना गोळे आलेले असायचे, आणि संध्याकाळी घरी पोचलं की दारातच धुराचा लोट अंगावर यायचा. वाळत घातलेल्या साड्या, उशा, देवांचं वस्त्र, माझी वेणी, सगळ्याला तोच वास. रात्री कूस बदलली की उशीतून ऊद यायचा. आज इतक्या वर्षांनीही कुणाच्या घरी ऊद घातलेला असला तर मला आधी थकवाच येतो, भक्तिभाव नंतर.

घाटकोपरला पूर्वेला हाऊसिंग बोर्डाच्या इमारतीत तळमजल्यावर आमची जागा होती. एक खोली, आत स्वयंपाकघर, मागे मोरी. खोलीत एक लोखंडी खाट, ती बाबांची. खाट खिडकीला लावलेली होती, कारण बाबांना हवा लागायची. गिरणीत विणाई खात्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. संपानंतर गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. तिथून काय मिळायचं ते मिळालं नाही, पण कापसाची धूळ मात्र छातीत घरी आली. जिना चढायचा नाही, धूळ-धूर टाळायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते बाबांनी इतकं पाळलं की हळूहळू ते खाटेवरून उठेनासेच झाले. सकाळी पेपर, दुपारी खिडकीतून दिसणारी मुलांची क्रिकेट, संध्याकाळी पुन्हा तोच पेपर. आई एका गुजराती केटररकडे पोळ्या लाटायला जायची. लग्नसराईत पहाटेची गेलेली दुपारी कलंडत्या उन्हात परत यायची, हाताची बोटं वाकलेली, आणि आल्याआल्या स्टोव्ह पेटवायची. त्या स्टोव्हच्या पंपाचा आवाज मला अजून ओळखता येईल. आई दमलेली असली की पंप मध्ये मध्ये थांबायचा.

आईबाबा आपापसात आणि आमच्याशीही मालवणीत बोलायचे. आम्ही दोघं भावंडं उत्तरं मुंबईच्या मराठीत द्यायचो. त्यात कुणालाच काही वेगळं वाटायचं नाही.

दादा, म्हणजे अरुण, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचा. ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत, नवरात्रात, एखाद्या कॉलनीच्या पूजेला. दादाची जागा नेहमी मागे, स्पीकरच्या आड. लोक गाणाऱ्याला टाळ्या द्यायचे, दादा मान खाली घालून पुढचा सूर शोधायचा. त्यानं स्वतःची काही गाणी बांधली होती, आणि त्यातलं एक खरंच छान होतं. समुद्रात लांबवर दिसणाऱ्या होड्यांच्या दिव्यांवरचं. ते त्यानं एका मित्राच्या टेपरेकॉर्डरवर स्वतःच्याच आवाजात भरून कॅसेटच्या धंद्यातल्या एका माणसाला ऐकवलं होतं. तो माणूस म्हणाला, "गाणं झकास आहे रे, पण आता नुसतं ऐकतं कोण? दाखवायला काहीतरी घेऊन ये. व्हिडिओ कर." एवढं बोलून त्यानं दादाला चहा पाजला आणि पाठवून दिलं. दादा त्या चहावर महिनाभर चालला असेल.

व्हिडिओ करणार किरीटभाई. ते लग्नाच्या कॅसेटी काढायचे, स्टेशनजवळ त्यांचं दुकान होतं. दादानं त्यांच्या कितीतरी वरातींत वाजवलं होतं, म्हणून एक रविवार ते कॅमेरा घेऊन येणार होते. आणि लेझर आणणार शिरीष, दादाचा शाळेपासूनचा दोस्त. तो यंत्रं दुरुस्तीच्या एका दुकानात कामाला होता. हॉटेलांत दिव्यांचे खेळ करणाऱ्या कुणा माणसाचा लेझर तिथे दुरुस्तीला आला होता आणि तो माणूस परगावी गेला होता. मालकाला विचारून शिरीषनं तो थोड्या दिवसांसाठी घरी आणला. दादानं असा लेझर एकदा एका हॉटेलच्या कार्यक्रमात पाहिला होता. तेव्हापासून त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. काळोख, त्यात तो की-बोर्डपाशी उभा, आणि त्याच्या डोक्यावरून लाल रेघा फिरताहेत. मागे नाही, स्पीकरच्या आड नाही. मधोमध.

लेझर आला त्या संध्याकाळी आम्ही दिवे घालवून सगळे भिंतीकडे तोंड करून बसलो. लांबट पत्र्याची पेटी, तिला मागे जाडजूड वायर. शिरीषनं बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी कुंकवाएवढा लाल ठिपका उमटला. बाकी काही नाही. आम्ही वाट बघत राहिलो.

"झाला?" आईनं विचारलं. "ह्या येवड्यासाठी माझो स्टो बंद केलास?"

"थांब ना आई," दादा म्हणाला, पण त्याचाच आवाज पडला होता. शिरीषनं पेटी हलवली, ठिपका भिंतीवर इकडचा तिकडे गेला. रेघ कुठेच नव्हती. आई उठली, तिन्हीसांजा झाल्या होत्या म्हणून तिनं निखाऱ्यावर ऊद टाकून देवांपुढे फिरवला आणि नेहमीप्रमाणे खोलीभर नेला. तेव्हा बाबा खाटेवरून म्हणाले, "अरुण, हय बघ."

धूर जिथे जिथे जात होता तिथे तिथे हवेत एक तांबडी रेघ दिसत होती. सुतासारखी सरळ, ताणून बांधलेली. धूर विरला की रेघ विरायची, आईनं पुन्हा धुपाटणं फिरवलं की परत यायची. आईसुद्धा थांबून बघत राहिली. बाबा उठून बसले होते. त्यांनी हात पुढे केला आणि रेघ तळव्यावर घेतली. शिरीषनं मग सांगितलं की उजेड नुसता जाताना दिसत नाही, त्याला अडायला काहीतरी लागतं. धूर नाही तर लेझर नाही.

शिरीषनं पुढच्या खेपेला बर्फासारखी एक लादी आणली, गोणपाटात गुंडाळून. हात लावायचा नाही म्हणाला. ती पाण्यात टाकल्यावर पांढरंशुभ्र धुकं झालं, पण ते सगळं जमिनीवरच पसरलं. आमचे घोटे बुडाले, खाटेचे पाय बुडाले, आणि लेझर वर कोरडाच राहिला. किरीटभाई ते बघायला आले होते. म्हणाले, "अरुणभाई, आ नीचे नीचे नाही चालणार. बीम वरती छे, धूर पण वरती पाहिजे." धुकं दाराखालून बाहेर गेलं आणि शेजारच्या पोरांनी अर्धा तास त्यात नाच केला. तेवढाच त्याचा उपयोग.

मग बाबा म्हणाले, "धुराचा मी बघतंय."

त्या दिवसापासून बाबा खाटेवर दिसेनात. त्यांनी जुनी कोळशाची शेगडी माळ्यावरून काढायला लावली. नारळाची सोडणं जमवली, काथ्या पिंजला, त्यात ऊद किती, कोळसा किती, ओलं किती, सुकं किती, याचे प्रयोग सुरू केले. सुकं जास्त झालं की जाळ व्हायचा, ओलं जास्त झालं की डोळे चुरचुरायचे आणि धूर काळपट यायचा. त्यांना पांढरा धूर हवा होता, आणि तो रेंगाळायला हवा होता. मी कामावरून यायची तर ते मागच्या मोरीपाशी उकिडवे बसलेले, तोंडाला पंचा बांधलेला, हातात वारा घालायला सुपाचा तुकडा. मला बघून म्हणायचे, "आज बरो इलो." जणू कुणी पाहुणा आला होता.

मुलुंडच्या एका हॉलमध्ये परवा माझ्या भाचीचं, म्हणजे दादाच्याच मुलीचं लग्न झालं. नवरानवरी आत येताना दोन्ही बाजूंनी यंत्रांतून फुस्स करून पांढरा धूर सुटला, त्यात हिरवे-निळे किरण, सगळे मोबाईल वर. दादा मुलीकडे बघत नव्हता. तो पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून मागच्या खुर्च्यांवर नेऊन बसवत होता. व्याह्यांना वाटलं, बापाचं मन भरून आलं म्हणून तो तोंड लपवतोय.

शेगडीच्या त्या दिवसांत बाबांचा खोकला वाढला हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. ते घरात खोकत नसत. खोकला आला की बाहेर जात, इमारतीला वळसा घालून मागे उभे राहात, आणि परत येऊन म्हणत, "पाणी इला काय बघूक गेल्लंय." आई एकदा स्टोव्हला पंप मारता मारता थांबली आणि म्हणाली, "डॉक्टरान काय सांगल्यान हा तुमका? दम लागता तो आमका दिसना नाय?" बाबा म्हणाले, "तू गप रव." आई गप्प राहिली. भांडायलाही अंगात जोर लागतो, आणि तो तिनं सकाळीच कणकेत घातलेला असायचा. कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा एवढंच त्या दिवसांत घरात शिजत होतं.

एका संध्याकाळी मी त्यांच्या पाठोपाठ इमारतीच्या मागे गेले. ते भिंतीला एक हात टेकून वाकून उभे होते. खोकला थांबेपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "बाबा, पुरे आता. धूर शिरीष करेल. तुम्ही त्याला दाखवा कसा करायचा ते."

त्यांनी श्वास जुळवून घेतला. "सुलू," ते म्हणाले, "तू पगार आणतंस. तुझी आवस पगार आणता. मी खिडकीत बसान खातंय. माका कितक्या वर्सांनी काम गावला. ता तरी काढून घेव नको."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सदऱ्याखाली बरगड्या लागत होत्या. पण मी दादाला सांगितलं. त्याच दिवशी, तो की-बोर्ड पुसत बसला होता तेव्हा सांगितलं की बाबा मागे जाऊन जीव जाईपर्यंत खोकतात, तू डोळे उघडून बघ. दादा पुसायचा थांबला. म्हणाला, "मी काय बघत नाही का? दोनदा सांगितलं त्यांना. ऐकत नाहीत. शेगडी उचलून टाकू म्हटलं तर माझ्यावर हात उगारला." मग थोड्या वेळानं म्हणाला, "एक रविवार, सुलू. एकच. मग मी ती शेगडी खाडीत टाकून येतो." त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. रात्री कार्यक्रम, दिवसा ही तयारी. मला त्याचा राग यावा असं वाटत होतं, पण त्याचा चेहरा बघून तोही येईना.

शनिवारी आम्ही घर बाहेर काढलं. खाट, कपाट, ट्रंका, डबे, पाण्याची पिंपं, सगळं शेजाऱ्यांच्या गॅलरीत. आईचा स्टोव्ह शेजारच्या काकूंच्या ओट्यावर गेला. स्वतःच्या घरातून स्वतःची भांडी नेताना आई एकेक भांडं पुसत होती, जणू घर बदलत होतो. दादानं मंडळाच्या मखराचं काळं कापड आणलं होतं, ते चारही भिंतींना खिळ्यांनी ठोकलं. देव तेवढे जागचे हलवायचे नाहीत असं आईनं बजावलं, म्हणून देवांच्या फळीपुढेही कापड आलं. खिडक्यांना गोणपाटं लावली, कारण उजेड आला तर लेझर फिका पडतो आणि वारा आला तर धूर जातो. बाबांची खिडकीही त्यात बंद झाली. शिरीषनं टेबलफॅनची पाती काढून त्याच्या दांड्यावर आरशाचे तुकडे चिकटवले होते. पंखा फिरला की रेघा खोलीभर फिरणार. आई मध्येच विचारून गेली, "ता तुमचा लेझीम ह्या टिपयावर ठेवू काय?" एवढं एकच हसू त्या दिवसात झालं. रात्री आम्ही चौघं रिकाम्या काळ्या खोलीत चटया टाकून झोपलो. आपलंच घर ओळखीचं वाटेना. बाबा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले. आडवं पडलं की त्यांना श्वास पुरत नव्हता.

रविवारी दुपारी किरीटभाई आले. खांद्यावर कॅमेरा, मागे दोन मोठे दिवे. आईनं काकूंच्या घरून सगळ्यांसाठी कांदेपोहे करून आणले, ते आम्ही उभ्या उभ्या खाल्ले. दादानं ऑर्केस्ट्रातला चकचकीत कोट घातला होता. शिरीषनं त्याची शेवटची एकदा समजूत घातली, "अरे, शेगडी मी धरतो ना, काकांना बाहेर बसू दे." दादा बाबांपुढे गेला आणि तेच म्हणाला.

बाबा म्हणाले, "मी भायर जावचंय नाय. तू तुझा काम कर, मी माझा करतंय."

ते की-बोर्डच्या मागे, काळ्या पडद्याच्या आड शेगडी घेऊन बसले. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून अगदी खाली, मांडी घालून. आई आणि मी दाराशी, दार लावून घेतलेलं. कॅसेटवर गाणं लागलं, दादानं त्यावर ओठ हलवायचे आणि वाजवल्यासारखं करायचं. पडद्यामागून धूर वर आला. सावकाश, पांढरा, छतापर्यंत. शिरीषनं बटण दाबलं.

खरं सांगते, मी त्यानंतर बरंच काही पाहिलं आहे, पण आमच्या त्या खोलीसारखं काही पाहिलं नाही. भिंती राहिल्याच नव्हत्या. तांबड्या रेघा वरून खाली, आडव्या, तिरक्या, एकमेकींतून जात होत्या आणि धुराच्या लाटा त्यांच्यातून सरकत होत्या. दादाच्या खांद्यावर, केसांवर लाल उजेड यायचा आणि जायचा. तो मान वर करून गात होता. मी त्याला मान वर करून वाजवताना तोवर बघितलंच नव्हतं. आईनं माझं मनगट धरलं होतं. गाणं मोठ्यांदा लावलेलं, त्यामुळे दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

एकदा गाणं पूर्ण झालं. किरीटभाई म्हणाले, "सरस. हजी एक वार, बाजूनी." पुन्हा धूर, पुन्हा गाणं. आमचे डोळे वाहायला लागले होते, शिरीष तोंडावर रुमाल धरून होता. मी पडद्याशी जाऊन आत डोकावले. बाबांनी मला हातानं जा जा अशी खूण केली आणि सोडणं शेगडीत ढकलली. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण तोंडावर मला कितीतरी वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं. कामावर असलेल्या माणसाचं तोंड.

तिसऱ्या वेळी गाण्याच्या मध्यावर रेघा फिक्या व्हायला लागल्या. आधी छताजवळच्या गेल्या, मग आडव्या. कॅमेऱ्यामागून किरीटभाईंनी हात हलवला. दादा गाता गाताच ओरडला, "बाबा, धूर." रेघा आणखी विरल्या. "बाबा," दादा पुन्हा ओरडला, आणि मग त्यानं की-बोर्ड तसाच सोडला आणि पडदा ओढून काढला.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. हात मांडीवर, सुपाचा तुकडा हातातच. ओठ निळे पडले होते आणि तोंड उघडं होतं, पण हवा आत जात नव्हती. आईनं दार उघडलं. मी खिडकीवरचं गोणपाट ओढलं, ते खिळ्यांसकट आलं. दुपारचा उजेड एकदम आत शिरला, आणि त्या उजेडात खोली किती कळकट दिसली. दादानं अंगातल्या कोटानिशीच बाबांना उचललं. त्यांचं वजन त्याला लागलंसुद्धा नाही. बाहेर शेजारी जमले होते. आग लागली असं वाटून कुणी बादल्या घेऊन आले होते. गाणं आतमध्ये चालूच होतं. कोणीतरी टॅक्सी आणली. वाटेत आई एकसारखी त्यांच्या छातीवर हात फिरवत होती आणि म्हणत होती, "घेवा, श्वास घेवा, घेवा." दादाच्या चकचकीत कोटाला शेगडीची राख लागली होती.

हॉस्पिटलात त्यांना प्राणवायू लावला. पहिले काही दिवस आम्ही आळीपाळीनं बाकावर बसून काढले. मी तिथूनच कंपनीत जायची, आई तिथूनच पोळ्या लाटायला. दादा कुठेच जात नव्हता. बाबा हळूहळू सावरले, पण पहिल्याएवढे नाही. नाकातली नळी निघाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दादाला. "किती झाला?"

"दोन पूर्ण, तिसरं अर्धं," दादा म्हणाला.

"रवलेला पुरा करूचा. लेझर आसा मा अजून?"

"नाही बाबा. शिरीषनं परत दिला. पुरे आता."

बाबांचा चेहरा उतरला. दम खात, तुटक तुटक ते बोलले, पण प्रत्येक शब्द मला आठवतो. "माझ्यामुळे थांबतंस तू. उद्या लोकांक सांगशीत, बापाशीच्या दम्यान माझा गाणा रवला. माझा संपात रवला, तुझा माझ्यापायी. असा नको करू."

दादा खाली बघत राहिला. "मी कुणालाच काही सांगणार नाही," तो म्हणाला, आणि उठून पाण्याचा तांब्या भरून आणायला गेला. तांब्या भरलेलाच होता. त्यानंतर बाबा त्याच्याशी बोलेनासे झाले. घरी आल्यावरही. खाट पुन्हा खिडकीशी आली, काळं कापड मंडळाला परत गेलं. शेगडी आईनं कोळसेवाल्याला देऊन टाकली, कुणाला न विचारता. भिंतींत खिळ्यांची भोकं राहिली आणि घरात तो वास. बापलेक एकाच खोलीत एकमेकांना ओलांडून जात, आणि मी आणि आई दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवत असू.

मग एक दिवस किरीटभाईंनी कॅसेट तयार असल्याचा निरोप पाठवला. आमच्याकडे टीव्हीसुद्धा नव्हता, त्यामुळे बघायची तर त्यांच्या दुकानातच. दादानं माझ्यामार्फत नाही, थेट बाबांना विचारलं, "येता का?" बाबांनी सदरा चढवला. जाताना आम्ही रिक्षा केली.

दुकानात मागच्या बाजूला पडदा लावून छोटा टीव्ही ठेवला होता. आम्हाला बाकावर बसवून किरीटभाईंनी कॅसेट लावली. व्हिडिओ काही फार चांगला नव्हता. अर्धा वेळ नुसता काळोख, दादाचा चेहरा धुरात हरवलेला, कोटाची चमक तेवढी दिसायची. पण रेघा दिसत होत्या. लाल, सरळ, फिरत्या. किरीटभाईंनी वरून मूळ गाणं लावलं होतं, त्यामुळे खोलीतला कुठलाच आवाज त्यात नव्हता. अडीच मिनिटांत संपलं.

बाबा टीव्हीच्या अगदी जवळ वाकून बसले होते. "मी खंयच दिसाक नाय मा?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," दादा म्हणाला.

"बरा." मग ते म्हणाले, "ती तांबडी रेघ दिसता ती धुरान मा?"

"हो. तुमच्या धुरानंच."

"परत लाव," ते किरीटभाईंना म्हणाले. पुन्हा लावली. दुसऱ्यांदा ते फक्त रेघांकडेच बघत होते असं मला वाटलं. दादा उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

त्या कॅसेटचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. दादा ती घेऊन त्या माणसाकडे गेला. त्यानं ठेवून जा म्हणून सांगितलं. दोनतीनदा दादा विचारायला गेला, मग तो माणूस तिथे नसायचा, मग दादानं जायचं सोडलं. पुढच्या वर्षी तो एका कारखान्यात स्टोअर्सला लागला. लग्नांत वाजवणं काही वर्षं चालू होतं, नंतर तेही सुटलं. यात बाबांचा काही संबंध नव्हता. शूटिंग पूर्ण झालं असतं तरी तो माणूस जागेवर सापडला नसता. पण हे बाबांना पटवणं कुणालाच जमलं नाही, आणि ते जेवढे दिवस होते तेवढे दिवस मध्येच कधीतरी विचारायचे, "त्याचा उत्तर काय इला?"

त्या दुपारी दुकानातून निघालो तेव्हा रिक्षा मिळत नव्हती. बाबा म्हणाले, चालत जाऊ. रस्ता काही लांब नव्हता, धडधाकट माणसाला. दादा त्यांच्या बाजूनं चालत होता, आई आणि मी मागून. थोडं अंतर गेल्यावर बाबांचा श्वास मोठा व्हायला लागला. ते थांबणार एवढ्यात दादाच थांबला, एका भांड्यांच्या दुकानासमोर, आणि आत लटकवलेल्या कढया बघायला लागला. बाबाही थांबले. श्वास खाली बसल्यावर दादा पुढे निघाला. मग साड्यांचं दुकान आलं, तिथे थांबला. मग चपलांचं. मग रविवारी बंद असलेल्या एका बँकेच्या दारावरची पाटी त्यानं वरपासून खालपर्यंत वाचली. प्रत्येक वेळी बाबांना थांबावं लागण्याच्या किंचित आधी. आई माझ्याशेजारी चालत होती, तिचं लक्ष होतं.

शेवटी एका औषधांच्या दुकानापुढे बाबा वैतागले. त्या सगळ्या आठवड्यांनंतर, कॅसेटचं सोडलं तर, ते आपणहून दादाशी बोलले ते एवढंच.

"किती दुकाना बघतंस रे?"

दादानं दुकानाच्या कठड्याला पाठ टेकली. "थांबा जरा, बाबा," तो म्हणाला. "दमलोय मी."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग तेही त्याच्या शेजारी कठड्याला टेकले, आणि दोघं रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.